पायलट तयार, पण विमान कुठाय?

दोस्तांनो, हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनात गोल फिरणाऱ्या विमानात तुम्ही कधीतरी बसलाच असाल. तिकीट काढायचं, साखळी लावायची, बटण दाबलं की विमान वर! खाली उतरल्यावर तुमच्यापैकी कितीतरी जणांनी घरी जाहीर केलं असेल, "मी मोठेपणी पायलट होणार!"

होणार असाल तर फारच छान! पण वैमानिकाच्या आयुष्यात एक गोष्ट अशी आहे, जी जत्रेतल्या विमानात कधीच घडत नाही. पायलट तयार असतो. अंगात कडक इस्त्रीचा गणवेश, खिशात परवाना. आणि विमानच आलेलं नसतं! एक-दोन तास उशीर नव्हे बरं का. महिने, कधीकधी वर्षंसुद्धा!

असं कसं होतं? वही-पेन घ्या, आपण एक गणित करू.

एक विमान रोज सरासरी १२ तास उडतं असं धरा. वर्षाचे झाले ४,३८० तास. पुढे दोघं बसतात, कॅप्टन आणि सहवैमानिक. म्हणजे दुप्पट, ८,७६० तास. आता एका वैमानिकाला आपल्याकडे वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडताच येत नाही, तसा नियमच आहे. कारण थकलेला माणूस चुका करतो. त्यातून रजा, आजारपण, प्रशिक्षणाचे दिवस वजा करा आणि ७५० तास धरा. भागाकार करून पाहा. आले ना अकराच्या पुढे? म्हणजे एका विमानाला जवळजवळ १२ वैमानिक लागतात. दहा विमानं यायची असतील तर १२०!

हे १२० जण विमान दारात आल्यावर शोधून चालत नाहीत. भरती, वर्ग, सिम्युलेटर, मग अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून सराव, यात कित्येक महिने जातात. म्हणून कंपनी आधीच माणसं घेऊन ठेवते. विमानांची मागणी तर त्याच्याही कितीतरी आधी नोंदवावी लागते. इंडिगोने जून २०२३ मध्ये एकदम ५०० एअरबस विमानं मागवली, ती येणार आहेत २०३० ते २०३५ या काळात! आपल्या वसमतकडचा शेतकरी जूनमध्ये हळद लावतो तेव्हा पुढच्या वर्षी काय भाव मिळेल हे त्याला ठाऊक नसतं. विमान कंपनीचा अंदाज नऊ महिन्यांचा नव्हे, दहा-दहा वर्षांचा असतो. चुकला की मग काय?

मुंबईच्या आकासा एअरचंच बघा. तिने नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बोईंग कंपनीकडे ७२ विमानं मागितली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये उड्डाणं सुरू केली. जानेवारी २०२४ मध्ये आणखी १५० विमानांची मागणी नोंदवली. वैमानिकही जोरात घेतले. पण त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या उडत्या बोईंग विमानाच्या भिंतीचा एक तुकडा हवेतच निखळला. नशिबाने कुणी दगावलं नाही. मात्र तिथल्या सरकारने बोईंगला बजावलं, महिन्याला ३८ पेक्षा जास्त अशी विमानं बनवायची नाहीत, आधी काम नीट करा! सप्टेंबर २०२४ मध्ये कारखान्यातले सुमारे ३३ हजार कामगार संपावर गेले, तो संप नोव्हेंबरपर्यंत चालला. बोल्ट तिकडे निघाला आणि इकडे आकासाचे कितीतरी वैमानिक घरी बसून राहिले.

घरी बसलेल्या वैमानिकाचं नुकसान नुसतं पगाराचं नसतं. त्याची खरी कमाई म्हणजे उड्डाणाचे तास. कॅप्टन व्हायला जो मोठा परवाना लागतो त्यासाठी १,५०० तास हवेत. तास थांबले की बढती थांबली. बरं, ९० दिवसांत किमान तीन वेळा विमान उडवून उतरवलं नाही, तर पुन्हा सराव केल्याशिवाय प्रवाशांना घेऊन उडता येत नाही. आठवा, परीक्षेनंतर महिनाभर सायकलला हात लावला नाही तरी आपण विसरत नाही. विमानाचं तसं नाही!

तुम्ही म्हणाल, एका कंपनीत विमान नाही तर दुसरीकडे जावं. इथेच खरी मेख आहे, आणि ती समजायला आपल्याला लांब जायला नको.

आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही. कळमनुरीचा असो की औंढ्याचा, विमान पकडायचं म्हणजे जवळचं गाव नांदेड. एप्रिल २०१७ मध्ये 'उडान' योजनेतून नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं, तेव्हा ते ट्रूजेट कंपनीचं होतं. एटीआर ७२ जातीचं, पंखे गरगर फिरणारं. २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेटची उड्डाणं बंद पडली. मग २०२४ मध्ये नांदेडला स्टार एअर आली, तिची विमानं एम्ब्रेअर १७५ जातीची, जेट इंजिनाची. आता सांगा, ट्रूजेटचं एटीआर चालवणारा वैमानिक त्याच धावपट्टीवर लगेच एम्ब्रेअर चालवू शकेल का?

नाही! एस.टी.चा ड्रायव्हर उद्या दुसऱ्या बनावटीच्या गाडीवर बसतो. विमानात मात्र प्रत्येक जातीचं वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी वेगळी नोंद लागते. तिला 'टाइप रेटिंग' म्हणतात. खर्च लाखांत असतो आणि पुष्कळदा तो वैमानिकालाच करावा लागतो.

एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा बोईंग ७३७ चालवणाऱ्यांपैकी अनेकांना स्पाइसजेटने घेतलं, कारण तिच्याकडे तीच विमानं होती. मोठ्या विमानांवरच्यांना मात्र परदेशाची वाट धरावी लागली किंवा थांबावं लागलं. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. तिची जवळजवळ निम्मी विमानं इंजिनांच्या बिघाडामुळे आधीच जमिनीवर होती. तिथले कितीतरी वैमानिक पगार थकलेला असताना दुसरीकडे अर्ज करत होते. शिवाय नव्या कंपनीत गेलं की ज्येष्ठतेच्या यादीत तुमचा नंबर शेवटचा. दहा वर्षांचा अनुभव असला तरी!

मग भारतात वैमानिक जास्त झाले आहेत का? मुळीच नाही! डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं दिवसाला शेकड्यांनी रद्द झाली. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास सलग विश्रांती द्यायची, रात्रीची कामं कमी करायची, असे नवे नियम आले होते आणि त्या हिशेबाने माणसं कमी पडली. एका कंपनीत माणसं आहेत आणि विमानं नाहीत, दुसरीकडे विमानं आहेत आणि माणसं अपुरी. मला विचाराल तर चूक दोन्हीकडे भागाकाराचीच आहे.

आई-बाबांनो, आता थोडं तुमच्याशी. "हजारो वैमानिक हवेत" अशी बातमी वाचली की तारीख बघा, विमानं येणार कधी? व्यावसायिक परवान्याला ५० लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पैसे लागतात, टाइप रेटिंग वेगळं. शेत तारण ठेवून कर्ज काढलं तर हप्ते विमानाची वाट बघत थांबत नाहीत. म्हणून फी भरण्याआधी डोळे, कान, हृदय सगळ्याची 'क्लास वन' वैद्यकीय तपासणी करून घ्या. गोंदिया असो, बारामती असो की उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची सरकारी अकादमी, तिथे जाऊन विचारा, उडण्यालायक विमानं किती आणि मुलं किती? लागणारे २०० तास मागच्या तुकडीला किती महिन्यांत मिळाले? कारण उशीर इथूनच सुरू होऊ शकतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ पासून अशा शाळांची क्रमवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीही पाहा. आणि पदवी बाजूला टाकू देऊ नका. वाट बघण्याच्या काळात हाताला दुसरं काम असलेला माणूस घाईने भलत्या करारावर सही करत नाही.

मुलींनो, तुम्हालाही हे सगळं लागू आहे हं! जगाच्या मानाने आपल्या देशात महिला वैमानिकांचं प्रमाण बरंच जास्त आहे.

आणि हो, वही मिटू नका, एक उदाहरण राहिलंच. तेच विमान, तेच ७५० तास. पण इंजिनाचा सुटा भाग वेळेवर मिळाला नाही म्हणून विमान वर्षभरात रोज सरासरी ८ तासच उडालं. आता किती वैमानिक लागतील? करून पाहा. उत्तर येईल ८. म्हणजे बारांपैकी चौघांना काम नाही. त्या चौघांच्या घरी हप्त्याची तारीख मात्र तीच!