सिक्युरिटी ॲप टाकलं, म्हणजे टॅब सुरक्षित झाला?

घरातला टॅब सहसा कुणा एकाचा नसतो. मुलगी त्यावर सीईटीची तयारी करते, आजोबा कीर्तनं ऐकतात आणि महिनाअखेरीला वीजबिलही त्यावरूनच भरलं जातं. अशा टॅबमध्ये कुणीतरी एकदा अँटीव्हायरस टाकतं आणि सगळे निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणाच मला धोक्याचा वाटतो, कारण त्यामागे बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा, की हे ॲप टॅबचा कानाकोपरा तपासतं. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळ्या कप्प्यात ठेवतं आणि एकाला दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावू देत नाही. अँटीव्हायरसही शेवटी एक ॲपच, त्यामुळे हा नियम त्यालाही लागू आहे. कोणती ॲप्स टाकली आहेत ते त्याला कळतं, त्यांच्या इन्स्टॉल फायली आणि परवानगी दिलीत तर डाउनलोड केलेल्या फायली ते तपासू शकतं. आयपॅडवर तर इतर ॲप्स तपासण्याची सोयच ॲपलने दिलेली नाही. तिथली सिक्युरिटी ॲप्स फसव्या वेबसाइट अडवतात, पासवर्ड सांभाळतात, व्हीपीएन देतात. ‘आयपॅड स्कॅन करून व्हायरस काढतो’ असा दावा कुणी केला, तर तो खोटा समजा.

‘कुठलंही टाका, सगळी सारखीच’ हेही खरं नाही. २०१४ साली प्ले स्टोअरवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचं ॲप ३.९९ डॉलरला विकलं जात होतं. दहा हजारांहून जास्त लोकांनी ते घेतलं. बटण दाबलं की पडद्यावरच्या फुलीची बरोबरची खूण व्हायची, बाकी ते काहीच करत नव्हतं! गूगलला ते काढून लोकांचे पैसे परत करावे लागले. पुढे २०१९ मध्ये ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थेने २५० अँटीव्हायरस ॲप्स २,००० घातक ॲप्ससमोर उभी केली. त्यांतल्या फक्त ८० ॲप्सना ३० टक्क्यांहून जास्त घातक ॲप्स ओळखता आली. काही ॲप्स नुसतं नाव बघून बरं-वाईट ठरवत होती, आणि स्वतःचं नाव यादीत घालायचं राहून गेल्याने स्वतःलाच घातक म्हणत होती. म्हणून अनोळखी ॲपच्या वाटेला जाऊ नये. फुकट हवं असेल, तर सी-डॅकने बनवलेलं ‘एम-कवच २’ केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत मिळतं.

ब्राउझरमध्ये अचानक येणारी ‘तुमच्या टॅबमध्ये १३ व्हायरस सापडले’ ही सूचना खरी मानणारेही पुष्कळ. वेबसाइटला तुमचा टॅब तपासताच येत नाही. बहुतेक वेळा कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशन्स पाठवायला ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या यादीतून ती साइट काढली, की हा त्रास थांबतो.

खरं नुकसान होतं ते व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे ॲपच्या इन्स्टॉल फायलींमुळे. कधी वाहनाच्या दंडाचं चलन असतं, कधी लग्नपत्रिका. ‘अँटीव्हायरस आहे, तो पकडेल’ म्हणून लोक ती उघडतात. पण असं ॲप मुख्यतः आधी सापडलेल्या घातक ॲप्सच्या खुणांवरून ओळख पटवतं, त्यामुळे काल रात्री बनवलेली फाइल निसटू शकते. ती फाइल आत शिरल्यावर एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. पहिलीमुळे टॅबमध्ये सिम असेल तर ओटीपी जातो, दुसरीमुळे पडद्यावरचं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी देण्याच्या वाटेत अडसर ठेवला आहे. तो कसा काढायचा हे कुणी फोनवरून समजावत असेल, तर फोन ठेवून द्या. परवानगी देऊन बसला असाल, तर आधी वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

टॅब चोरीला गेला तर ॲप शोधून देईल, हा भरवसाही अर्धवटच आहे. चोराने फॅक्टरी रीसेट मारला, की बाहेरून टाकलेलं ॲप पुसलं जातं. अशा वेळी उपयोगी पडतं ते अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून असलेलं संरक्षण: रिकव्हरीतून रीसेट केला तरी टॅब जुनं गूगल खातं किंवा जुना स्क्रीन लॉक मागतो. त्यासाठी खातं जोडलेलं आणि स्क्रीन लॉक लावलेला हवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून हरवलेला फोन ब्लॉक करता येतो तो आयएमईआय क्रमांकामुळे. निव्वळ वायफायवर चालणाऱ्या टॅबला तो क्रमांकच नसतो.

राहिला जुना टॅब. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट टॅबलेट’ उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर मधल्या काळात सापडलेली अँड्रॉइडमधली भोकं तशीच उघडी आहेत आणि ती बुजवणं कुठल्याच ॲपच्या हातात नाही. असा टॅब कीर्तनांपुरता ठेवावा. त्यात बँकेचं ॲप, यूपीआय किंवा घरचं मुख्य गूगल खातं ठेवू नये.