छंदावर घर चालतं का?

1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात नोकरी सहज मिळत नाही. इथे मोठा कारखाना नाही, पाचातली चार माणसं खेड्यात राहतात आणि घर चालतं ते सोयाबीन-तुरीवर. नीती आयोगाने 2018 मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिवच्या जोडीला वाशीमचं नाव आलं. कुणी जिल्हा परिषदेत लागतो, कुणी पतसंस्थेत, कुणी विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं थांबतो, तर कुणी चाकण-रांजणगावला कंपनीत जातो. असा पोरगा दिवाळीला घरी येऊन म्हणतो, "मन लागत नाही, सोडतो आता." आणि बाप विचारतो, "मंग खाशीन काय?"

दुसऱ्या बाजूने मोबाईल दिवसभर सांगत असतो की मनाचं ऐका, राजीनामा टाका, बाकी आपोआप होईल. बापाची भीती खरी आहे आणि पोराची घुसमटही खरी आहे. रोज सकाळी नको वाटणाऱ्या कामावर जाण्यात माणूस आतून झिजतो, हे मी जवळून पाहिलं आहे. ज्यांना सोडायचं आहे त्यांच्या बाजूने मी आहे, आणि म्हणूनच त्यांचा हिशेब चुकू नये असं मला मनापासून वाटतं. या विषयावरचे काही गैरसमज माणसांना फार महागात पडतात.

"उडी मारल्याशिवाय काही होत नाही"

या समजाला आधार म्हणून दादासाहेब फाळक्यांचं नाव हमखास घेतलं जातं. फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडली, बायकोचे दागिने गेले, विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला, एवढीच गोष्ट आपण सांगतो. मधली वर्षं गाळून टाकतो.

1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके जे. जे. कला शाळेत आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्यात त्यांनी फोटोचा स्टुडिओ चालवला. पुरातत्त्व खात्यात ते चित्रं आणि फोटो काढण्याचंच काम करत होते. ती नोकरी सोडल्यावर ते सिनेमाकडे गेले नाहीत, लोणावळ्याला छपाई आणि ब्लॉक करण्याच्या धंद्यात शिरले. म्हणजे 1911 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून ते झपाटले, तेव्हा कॅमेरा, रसायनं, छपाई, रंग आणि भागीदाराशी होणारी भांडणं या सगळ्यांतून ते आधीच गेले होते. वय चाळिशीच्या पुढे होतं.

त्यानंतरही त्यांनी सरळ मोठा चित्रपट हाती घेतला नाही. 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तंत्र पाहून घेतलं, कॅमेरा खरेदी केला आणि परतले. परतल्यावर कुंडीत वाटाणा लावला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ' नावाची ही छोटीशी फिल्म त्यांनी भांडवल देऊ शकणाऱ्यांना दाखवली आणि मग पैसा उभा राहिला. आधी छोटा नमुना, मग चित्रपटाचं भांडवल, मग चित्रपट असा तो क्रम होता. पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं शिकून घेतली आणि चित्रीकरणातल्या माणसांचा स्वयंपाकही सांभाळला. 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यात या बाईंचा वाटा निम्म्याहून कमी मानायला मी तयार नाही. घरातलं माणूस असं सोबत नसेल तर आवडीचा धंदा उभा राहणं फार कठीण जातं.

आणखी एक गोष्ट या कथेत सांगितली जात नाही. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारा हा माणूस 1944 मध्ये नाशिकला वारला, तेव्हा हातात पैसा नव्हता. कामाने नाव राहिलं, पण शेवटच्या दिवसांची सोय झाली नाही.

उडीबद्दल अभ्यासही झालेला आहे. राफी आणि फेंग या दोन संशोधकांनी 2014 मध्ये अमेरिकेतली माहिती तपासली. नोकरी चालू ठेवून धंदा सुरू करणाऱ्या आणि मग पूर्णवेळ त्यात उतरणाऱ्या लोकांनी धंदा बंद करण्याची शक्यता, थेट राजीनामा देऊन उतरणाऱ्यांच्या तुलनेत 33 टक्क्यांनी कमी निघाली. हळूहळू पाऊल टाकणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो, पण टिकतो तो जास्त.

"नोकरी करणाऱ्याची आवड मरते"

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैन इथल्या नामदेव कांबळे यांच्याकडे बघा. दलित कुटुंबातला जन्म आणि घरची परिस्थिती अशी की वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सुटलं. चौकीदारी केली, मग शाळेत शिक्षक झाले. लेखन त्या सगळ्याच्या बरोबरीने चाललं. 'राघववेळ' या कादंबरीला 1995 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये पद्मश्री. कादंबरीवर घर चालवायची पाळी आली असती, तर दर सहा महिन्यांनी खपणारं काहीतरी लिहावं लागलं असतं. पगारामुळे त्यांना हवं ते, हवं तेवढा वेळ घेऊन लिहिता आलं, असं मला वाटतं.

मारुती चितमपल्ली यांची वाट याहून वेगळी. वनखात्याची नोकरी हेच त्यांच्या आवडीचं क्षेत्र झालं. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथे सेवा करता करता पक्षी, झाडं, आदिवासींचे शब्द त्यांनी टिपून ठेवले आणि त्यातून मराठीला एक अख्खं जंगल मिळालं. कधीकधी नोकरी सोडायची गरज नसते. खातं, गाव किंवा टेबल बदललं तरी पुरतं.

सरकारी नोकरांमध्ये एक भीती असते की बाहेर काही केलं तर कारवाई होईल. महाराष्ट्राच्या वर्तणूक नियमांनुसार खाजगी व्यापार किंवा दुसरी नोकरी पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. पण कामात अडथळा येत नसेल तर प्रसंगोपात्त साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय काम करायला मुभा आहे. कविता लिहिणाऱ्या ग्रामसेवकाने लपून राहायचं कारण नाही. बायकोच्या नावावर स्वतःच दुकान चालवणाऱ्याचं प्रकरण मात्र वेगळं आहे.

"काम चांगलं असलं की पैसा येतोच"

सगळ्यात जास्त घरं या समजापायी अडचणीत येतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

वाशीमसारख्या जिल्ह्यात फोटोग्राफी, गाणं, मेंदी, सजावट, केटरिंग या आवडींना गिऱ्हाईक आहे ते मुख्यतः लग्नसराईत. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरला हातात येतो, तुळशीचं लग्न लागतं आणि मुहूर्त सुरू होतात. आषाढी ते कार्तिकी चातुर्मासात लग्नं नाहीत. मधे गणपती आणि नवरात्र थोडा हात देतात. पगार मात्र बारा महिने येत होता.

समजा, एकाचा पगार महिना 18,000 आहे, म्हणजे वर्षाला 2,16,000. त्याला लग्नाचे फोटो काढायचे आहेत. एका लग्नाचे 15,000 ठरले. सोबतच्या पोराला 2,500, अल्बमला 4,000, जाणं-येणं आणि बाकी खर्च 1,500. उरले 7,000. दीड लाखाचा कॅमेरा आणि लेन्स पाच वर्षं चालली, तर वर्षाला 30,000 त्यांचे बाजूला ठेवावे लागतात. मग जुन्या पगाराइतकं कमवायला 36 लग्नं लागतात. आकडा ऐकून वाटतं, एवढी तर मिळतील. पण मुहूर्त एकाच दिवशी येतात. एका तारखेला चार जण बोलावतात आणि पुढचे दहा दिवस कुणी विचारत नाही. माणूस एकच, त्यामुळे चारातली तीन लग्नं हातची जातात. कामात तो कितीही तरबेज असला तरी तारखा वाढत नाहीत. त्यातून दुष्काळी किंवा अतिवृष्टीचं वर्ष आलं की लग्नं छोटी होतात आणि उरलेली रक्कम पुढच्या हंगामावर जाते.

म्हणून "माझं काम किती छान आहे" याच्या आधी "मला पैसे कोण देणार, कोणत्या महिन्यात, आणि रोख की उधार" हे विचारावं लागतं. लग्नाच्या जोडीला ज्याने शाळांचे फोटो, पिकांचे व्हिडिओ किंवा नवशिक्यांचे वर्ग धरले, त्याचा श्रावण निभतो.

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. आसपासच्या तांड्यांवर आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्यांचं भरतकाम जाणणाऱ्या बाया आहेत. एका फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, किती दिवस लागले हे त्या सांगू शकतात, पण त्या दिवसांची किंमत गिऱ्हाईक देत नाही. कर्नाटकात सांडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे बायांचं संघटन आणि वर्षानुवर्षांची एकत्र विक्री होती. एकटीने फोनवर फोटो टाकून तेवढा भाव मिळवणं अवघड आहे.

"आवडीच्या कामाचा कंटाळा येत नाही"

येतो. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर बक्षीस मिळेल. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. मोठ्यांच्या धंद्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही, पण धोका ओळखीचा आहे. गाणं आवडतं म्हणून ऑर्केस्ट्रात गेलेल्याला रात्री दोन वाजता तीच फर्माईश पुन्हा गावी लागते. पाककला आवडणाऱ्या बाईचा निम्मा दिवस वसुलीच्या फोनमध्ये जातो. पैसे घेतले की गिऱ्हाइकाची आवड आपल्या आवडीच्या पुढे जाते, आणि हे आधीच कबूल असेल तर त्रास कमी होतो.

पैशाबद्दलचे काही समज लवकर निकाली काढता येतात. मुद्रा योजनेतून मिळतं ते अनुदान नाही, कर्ज आहे. तारण लागत नाही, पण व्याजासह फेडावं लागतं. अनुदान हवं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करावी. त्यात गट आणि ठिकाणानुसार 15 ते 35 टक्के अनुदान असतं, स्वतःचा वाटाही घालावा लागतो. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी कुणाला दोन हजार देऊ नका. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवायला किमान 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तास पाहिलेले व्हिडिओ लागतात, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. आणि ही फक्त सुरुवातीची अट आहे.

राजीनामा लिहिण्याआधी तीन कागद तपासा. पहिला भविष्य निर्वाह निधीचा. सलग पाच वर्षं सेवा झाली नसेल आणि रक्कम काढली, तर साधारणपणे तिच्यावर कर लागतो. चार वर्षं आठ महिने झाले असतील तर चार महिने थांबण्यात शहाणपण आहे. दुसरा आरोग्याचा. ईएसआयचा किंवा कंपनीचा विमा नोकरीसोबत जातो आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ती पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. तिसरा कर्जाचा. घर बांधायचं असेल तर पगाराची स्लिप असताना अर्ज करा. स्वतःचा धंदा असणाऱ्याकडे बँक बहुधा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते, आणि ती भरायला सुरुवात धंद्याच्या पहिल्या वर्षापासून करावी लागते, कमाई करपात्र नसली तरी.