फड पद्धती आणि जलसंवर्धन : नवापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
नवापूर हा नंदुरबार जिल्ह्यातील गुजरातच्या सीमेलगतचा आदिवासीबहुल तालुका होय. जिल्ह्याच्या पूर्व भागाच्या तुलनेत येथे पाऊस अधिक पडतो. तथापि तो प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळातच पडतो. डोंगरउतार आणि कठीण बेसाल्ट खडक यांमुळे बरेचसे पाणी न मुरता वाहून जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीच्या पुराने नवापूर शहराची मोठी हानी केली. मात्र उन्हाळ्यात याच परिसरातील पाड्यांना पाणीटंचाई जाणवते. रब्बीला पाणी नसल्याने अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात. म्हणजेच प्रश्न केवळ पर्जन्यमानाचा नसून पाण्याच्या व्यवस्थापनाचा आहे. या दृष्टीने शेजारच्या साक्री तालुक्यातील अनुभव मार्गदर्शक ठरतो.

फड पद्धतीचे स्वरूप :
साक्री तालुक्यातून वाहणाऱ्या पांझरा नदीवर, तसेच नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर सुमारे ३०० ते ४०० वर्षांपूर्वी फड पद्धती विकसित झाली. नदीवर बंधारा बांधून पाणी कालव्यात वळविले जाई व चाऱ्यांमधून ते शेतापर्यंत पोहोचे. लाभक्षेत्राचे साधारणतः चार भाग केले जात. त्यांना ‘फड’ म्हणत. एका फडात एकच पीक घेतले जाई. ऊस एक-दोन फडांपुरता मर्यादित राही आणि दरवर्षी पिकांची फेरपालट होई. त्यामुळे जमिनीचा कस टिकून राही आणि ती पाणथळ व खारवट होण्याचा धोका कमी होई.

पाणी कमी असल्यास कोणता फड पडीक ठेवावा, हे गाव ठरवीत असे. शेतकऱ्यांच्या जमिनी बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असल्याने तुटीचा भार एकट्यावर पडत नसे. पाणीवाटपासाठी पाटकरी, तर पिकांच्या राखणीसाठी जागले नेमले जात.

पाण्याचा पुनर्वापर :
कालव्यातील जादा पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदी-नाल्यात सोडले जाई. शेतात मुरलेल्या पाण्याचा काही अंशही पाझरून नदीस मिळे. एकाच नदीवर बंधाऱ्यांची मालिका असल्याने हे पाणी खालच्या बंधाऱ्यास उपयोगी पडे. पुनर्वापर ही संकल्पना आज आधुनिक वाटत असली, तरी खानदेशात ती पूर्वापार रूढ होती. पुढे विहिरी व विद्युत पंपांमुळे प्रत्येकास स्वतंत्रपणे पीक निवडणे शक्य झाले आणि सामूहिक शिस्त शिथिल होत गेली.

बारीपाड्याचा अनुभव :
साक्री तालुक्यातीलच बारीपाडा या आदिवासी गावाने १९९० च्या दशकात श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे ४४५ हेक्टर वनाचे रक्षण केले. कुऱ्हाडबंदी, दंडाचे नियम व उतारावरील चर यांमुळे पाणी मुरू लागले आणि विहिरींची पातळी वाढली. या कार्याबद्दल श्री. पवार यांना २०२५ मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली. येथेही बांधकामाआधी गावाचा नियम आला, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
फड पद्धती जशीच्या तशी नवापुरात आणणे शक्य नाही. येथील भूमी अधिक चढउताराची असून शेते लहान आहेत. मात्र तिचे तत्त्व स्वीकारता येईल. माथ्यावर पाणी मुरवावे, नाल्यांवर लहान बंधाऱ्यांची मालिका असावी आणि उपलब्ध पाणी पाहूनच ग्रामसभेने रब्बीचे पीकक्षेत्र ठरवावे. बंधारा शासकीय निधीतून उभा राहू शकतो. त्यातील पाणी सर्वांना पुरविण्याचा नियम मात्र गावालाच करावा लागेल.