आमच्या आळीची पाहणी

आमच्या आळीचे नाव मधली आळी. आळीत १८ घरे आहेत. आमच्या गावाने 'माझी वसुंधरा' अभियानात भाग घेतला आहे. हे अभियान महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी, गांधी जयंतीला सुरू केले. त्यात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशी पाच तत्त्वे आहेत. भूमी म्हणजे झाडे आणि कचरा. वायू म्हणजे हवा आणि जल म्हणजे पाणी. अग्नी म्हणजे वीज व इंधन. आकाश म्हणजे हे सगळे लोकांना समजावून सांगणे.

ग्रामपंचायतीने चावडीजवळ मोठा फलक लावला आहे. गुरुजी म्हणाले, "आपल्या आळीत काय झाले आणि काय राहिले, ते तुम्हीच बघून या." म्हणून आम्ही चौघे जण वही घेऊन घरोघर गेलो.

आधी शोषखड्डे पाहिले. पूर्वी सगळ्या मोऱ्यांचे पाणी वाटेवर यायचे. चिखल व्हायचा, डास व्हायचे. आता ११ घरांना शोषखड्डे झाले आहेत. शोषखड्डा साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असतो. तळाला मोठे दगड, त्यावर लहान दगड, मग खडी आणि वाळू घालतात. वर भोके पाडलेले मडके ठेवतात. मडक्यात नारळाच्या शेंड्या असतात. साबणाचा मळ आणि खरकटे तिथेच अडकते आणि पाणी जमिनीत मुरते. वाट कोरडी राहते. मात्र शेंड्या अधूनमधून धुवाव्या लागतात, नाहीतर खड्डा तुंबतो.

दोन खड्डे तुंबलेले होते. त्यातला एक आमचाच होता! मी वहीत लिहायला लागले तर आजी म्हणाली, "अगं, आपल्याच घराचं नाव कशाला लिहितेस?" मला लाज वाटली. पण जे दिसेल ते लिहायचे असे गुरुजींनी सांगितले होते. मी लिहिले.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पिंपाची. गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला डेंग्यू झाला. ताप उतरेना. तिला पाच दिवस दवाखान्यात ठेवले होते. आई तिच्याजवळ होती आणि मी आजीजवळ. रात्री मला झोप यायची नाही. तेव्हा आशाताई आमच्या घरी आल्या. त्यांनी गटार नाही पाहिले, आमचे पिंप पाहिले. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. आजी म्हणाली, "पाणी तर स्वच्छ आहे की!" ताई म्हणाल्या, "आजी, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवायची." यालाच कोरडा दिवस म्हणतात. मोठा हौद रिकामा करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडतात. ते अळ्या खातात. आमच्या आळीत आता शनिवारी कोरडा दिवस असतो. तरी पाहणीत तीन घरांच्या पिंपांना झाकण नव्हते.

तिसरी गोष्ट झाडांची. ग्रामपंचायतीने आळीच्या टोकाला १० रोपे लावली. तेव्हा फोटो काढले, पेढे वाटले. आम्ही मोजली तर ४ जगली आहेत. त्यांना काट्यांचे कुंपण आहे आणि समोरच्या काकू त्यांना भांडी विसळलेले पाणी घालतात. बाकीची शेळ्यांनी खाल्ली.

कचऱ्याचेही तसेच. घंटागाडी येते, पण कधी येईल ते कळत नाही. मग लोक उकिरड्यावर प्लॅस्टिक जाळतात. त्याचा धूर छातीला वाईट असतो.

आमच्या शाळेत संत गाडगेबाबांचा फोटो आहे. बाबांचा जन्म १८७६ साली शेंडगावला झाला. ते ज्या गावी जायचे तिथे आधी हातात खराटा घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या नावाने शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. बाबांचा खराटा रोज चालायचा, म्हणून लोक त्यांचे ऐकत.

पाहणीत मला एवढेच कळले. खड्डा ग्रामपंचायत खणते, पण मडके आपणच धुवायचे असते. रोप ग्रामपंचायत लावते, पण पाणी कोण घालणार ते त्याच दिवशी ठरवायला पाहिजे. घंटागाडीचा वार आणि वेळ मात्र ग्रामपंचायतीनेच फलकावर लिहावी.

गुरुजींनी आमची यादी सरपंचबाईंना दिली. त्या म्हणाल्या, "उरलेले सात खड्डे पावसाळ्याआधी करू." आम्ही पुन्हा मोजायला जाणार आहोत.

आणि हो, आमचा खड्डा आता तुंबलेला नाही. दर रविवारी मी शेंड्या धुते आणि आजी पाणी ओतते. मित्रांनो, तुमच्या घरच्या पिंपाला झाकण आहे का? आज घरी गेल्यावर आधी ते बघा.