कुऱ्हाडीने जिंकलेला मुलूख

कॉकेशसच्या युद्धावर आपल्याकडे जेव्हा केव्हा लिहिलं जातं, तेव्हा शामिलपासून सुरुवात होते आणि शामिलपाशीच शेवट. 1834 ते 1859 अशी पंचवीस वर्षं झारच्या फौजांना झुंजवणारा इमाम, गुनीबचा वेढा, मग शरणागती. शामिलची थोरवी मला मान्यच आहे. पण तो दागेस्तानचा, जातीचा अवार. त्याच्या उघड्याबोडक्या डोंगरांना ज्या चेचन्याने धान्य पुरवलं, त्या चेचन्याची कहाणी त्याच्या अर्धशतक आधी सुरू होते आणि त्याच्या शरणागतीनेही संपत नाही. हे मी पूर्वीही लिहिलं आहे, आणि माझ्या मित्रांना ते आवडलेलं नाही.

चेचेनांचा पहिला मोठा उठाव 1785चा. आल्दी गावच्या उशुर्मा नावाच्या तरुणाने शेख मन्सूर होऊन जिहाद पुकारला. त्याला धरून आणायला कर्नल पिएरी निघाला. गाव रिकामं सापडलं, ते त्याने जाळलं आणि मग परतीच्या वाटेवर सुन्झा नदीकाठच्या रानात त्याची तुकडी कापली गेली. पिएरी स्वतः पडला. त्याच तुकडीत तरुण बाग्रातिओन होता, पुढे बोरोदिनोच्या जखमेने गेला तो. मन्सूर 1791मध्ये अनापाच्या किल्ल्यात पकडला गेला आणि 1794मध्ये श्लिसेलबुर्गच्या तुरुंगात वारला. पण पिएरीची फौज जाताना नव्हे, येताना मेली, हे विसरू नका. पुढची सत्तर वर्षं रशियन सेनापती हाच धडा नव्याने शिकत राहिले.

कारण साधं होतं. तेरेक आणि सुन्झाच्या दक्षिणेला तेव्हा बीचच्या झाडांचं घनदाट अरण्य होतं. त्यात मोकळ्या जागी गावं, मक्याची शेतं, कुरणं. चेचेनांना राजा नव्हता, सरदार नव्हते. कुळं होती आणि वडीलधारे होते. शरण यायला सिंहासनच नाही, तेव्हा तह करायचा कुणाशी? फौज आली की माणसं धान्य पुरून, गुरं हाकत रानात जायची. फौज घरं जाळून परत फिरली की प्रत्येक बुंध्यामागून बंदूक बोलायची.

रशियन सेनापती येर्मोलोव्हबद्दल आदराने लिहिणारे आजही सापडतात. 1818च्या जूनमध्ये त्याने सुन्झाकाठी ग्रोझ्नी किल्ल्याची पायाभरणी केली. त्याच महिन्यात इकडे दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला होता. आपलं राज्य एका सहीनिशी गेलं. तिकडे सही करायलाच कुणी नव्हतं, म्हणून गावं मारायची ठरली. 1819च्या सप्टेंबरात दादी-यूर्त हे गाव घराघरांतून लढून संपवलं गेलं. दहशतीने मुलूख थंडावेल असा येर्मोलोव्हचा हिशेब होता. 1825मध्ये बैबुलात तैमीयेव्हच्या नेतृत्वाखाली सगळा मुलूख उठला आणि दोन वर्षांत येर्मोलोव्हची उचलबांगडी झाली. अशा माणसाला लष्करी प्रतिभेचं प्रशस्तिपत्र कशासाठी द्यायचं, ते मला कळत नाही.

शामिलच्या आधीचे इमाम गाझी मुहम्मद आणि हमजत बेग, दागेस्तानातले आपसातले खून, 1839चा अखुल्गोचा वेढा, हे सगळं इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी पुढे जातो.

हे सारं युद्ध धर्मवेडातून झालं, असं ठासून सांगणारा एक पंथ आपल्या लेखकांत आहे. त्यांनी 1840कडे पाहावं. शामिल अखुल्गोतून जेमतेम जीव वाचवून निसटला होता. अशा हरलेल्या माणसामागे चेचेन का गेले? जनरल पुलोने गावोगाव फिरून त्यांची हत्यारं जमा करायला सुरुवात केली होती म्हणून. ज्या समाजात बंदूक हाच मोकळ्या माणसाचा पुरावा, तिथे ती काढून घेणं म्हणजे उद्याच्या वेठबिगारीची नांदी. इस्लामने त्यांना एकत्र बांधलं, हे खरं. पण पेटवलं पुलोने. त्याच उन्हाळ्यात वालेरिक नदीवर रशियन कवी लेर्मोंतोव्ह लढला आणि त्या रक्ताने लाल झालेल्या पाण्यावर त्याने कविता लिहिली.

1845मध्ये रशियन सेनापती व्होरोन्त्सोव्ह मोठी फौज घेऊन शामिलच्या दार्गो या ठाण्यावर गेला. दार्गो हाती लागलं, पण जळालेलं. रसद आणायला मागे पाठवलेली तुकडी रानातच मोडली. शेवटी फ्रायटाग नावाच्या सेनापतीने धावून येऊन उरलेल्यांना सोडवलं. मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून आकडा 4,000च्या घरात गेला, त्यांत तीन जनरल. या मोहिमेवर जाऊ नका, असं आधी बजावणारा माणूसही फ्रायटागच होता. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात. माझ्या मते चेचन्याचं युद्ध कसं संपणार, हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते त्यानेच.

ते संपलं कुऱ्हाडीने. पुढच्या हिवाळ्यापासून फ्रायटागने गेखी आणि गोयताची रानं पाडायला घेतली. हिवाळाच का, तर पानं झडलेली असतात, दबा धरायला आडोसा कमी. पहाटे किल्ल्यातून फौज निघायची. तोफा लावायच्या, नेमबाजांचं कडं करायचं, आणि कड्याच्या आत शेकडो शिपाई झाडांवर तुटून पडायचे. वाटेच्या दोन्ही अंगांना बंदुकीच्या टप्प्याइतकी पट्टी साफ झाली पाहिजे, हा नियम. काही बीच इतके जुने आणि जाड की कुऱ्हाड चालेना, मग दारू ठासून उडवायचे. फांद्यांच्या होळ्या पेटायच्या. ओल्या लाकडाच्या धुरात शिपाई हात शेकत उभे आणि पलीकडून एखादी गोळी येऊन त्यांतला एक खाली. संध्याकाळी माघार, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोनेक वर्षांत झुडपं माजली की तीच वाट पुन्हा तोडायची.

शामिलला याचा अर्थ लगेच कळला. परवानगीशिवाय झाड पाडायला त्याने बंदी घातली, मोडणाऱ्याला शिक्षा ठेवली. पण रान राखायला माणसं हवीत, आणि दर हिवाळ्यात मोकळ्या झालेल्या पट्टीतली गावं एक तर डोंगरात पळत होती, नाही तर किल्ल्यांच्या सावलीत आणून वसवली जात होती. मक्याची शेतं गेली तसं दागेस्तानचं कोठार गेलं. 1859च्या वसंतात जनरल येव्दोकिमोव्हने शामिलचं ठाणं वेदेनो घेतलं, ऑगस्टमध्ये गुनीब पडलं. सरसेनापती बार्यातिन्स्कीला विजेता म्हणतात. कुऱ्हाडीने आधीच मोकळ्या करून ठेवलेल्या वाटेवरून त्याने शेवटची चाल केली, एवढंच.

मी हे प्रथम वाचलं इंग्रज लेखक बॅडलीच्या कॉकेशसवरच्या 1908मधल्या ग्रंथात, एका जुन्या ग्रंथालयात, जिथे संध्याकाळी दिवे लागेपर्यंत कुणी उठवत नसे. तेव्हा दिवाळी अंकांचे संपादक अशा विषयाला वीस पानं द्यायचे आणि नकाशा स्वतः काढून घ्यायचे. आता चार पानं मिळतात, आणि ती भरायला माहितीजालावरून उचललेला शामिलचा तोच दाढीवाला फोटो पुरतो. चेचेन म्हणजे जन्मजात लढवय्ये, हे वाक्यही त्यासोबत फुकट येतं. या वाक्याचा मला मनापासून राग आहे. रान जाळलेल्या, शेत हिरावलेल्या माणसाच्या लढण्याला त्याचा स्वभाव म्हटलं, की ते हिरावणारा सुटतो.

शामिल शरण गेल्यावर बेनोय गावचा बैसुंगुर लढत राहिला. एक हात, एक पाय, एक डोळा आधीच गमावलेला हा माणूस. 1861मध्ये त्याला खासावयूर्तला फाशी दिलं. आणि त्याच काळात कुंता हाजी हा सूफी उपदेशक गावोगाव उलटं सांगत होता: लढू नका, माणसं उरली तर सगळं उरेल. हा उपदेश सरकारने डोक्यावर घ्यायला हवा होता. 1864च्या जानेवारीत त्यालाच पकडून उत्तरेत हद्दपार केलं. त्याला सोडा म्हणत शाली गावापाशी जमलेल्या शिष्यांवर गोळीबार झाला. बंदुका बाजूला ठेवून, नुसते खंजीर घेऊन ते झिक्र, म्हणजे अल्लाचं नामस्मरण, करत पुढे आले होते. दीडशेहून अधिक पडले. पुढच्या वर्षी सुमारे 5,000 कुटुंबं तुर्कस्तानच्या वाटेला लागली.

हे सगळं समजून घ्यायचं असेल त्याने तोलस्तोयची ‘हाजी मुराद’ वाचावीच. पण त्याआधी त्याची 1855ची ‘जंगलतोड’ ही कथा वाचावी. तोलस्तोय त्या हिवाळी मोहिमांत स्वतः तोफखान्यात होता. आपल्या रशियन जाणणाऱ्या तरुणांपैकी कुणी ती थेट मुळावरून, टिपांसह आणि नकाशासह मराठीत आणणार असेल, तर माझ्याकडची बॅडलीची टिपणं मी आनंदाने त्याच्या हवाली करीन.