नावाचा पालक



गहू वीतभर वाढला की पाटाच्या कडेला, ओल धरणाऱ्या वाफ्यात एखादे रोप डोके वर काढते. पाने लांबट, हिरवीगार, कडेला जराशी नागमोडी. पाहणारा म्हणतो, "पालकाचं बी पडलं असेल, राहू द्या!" फसगत होते ती इथेच. पुष्कळदा तो पालक नसतो, तण असते. पंजाब-हरियाणात त्याला 'जंगली पालक' म्हणतात, आणि तिथल्या गव्हाला त्याचा मोठा उपद्रव आहे. आपल्याकडेही नदीकाठी, ओलसर जागी ते आढळते. शास्त्रातले नाव रूमेक्स डेंटाटस. नाव पालकाचे, पण नाते आपल्या आंबट चुक्याशी!

मग ओळखावे कसे? दोन खुणा ध्यानात ठेवा.

पहिली खूण सांध्यावर. पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे बारकाईने पाहा. खोडाभोवती पातळ पापुद्र्याची नळी गुंडाळलेली दिसेल. जुन्या पानापाशी ती वाळून फाटते, म्हणून कोवळे पान पाहावे. पालकाला अशी नळी नसते. रोप लहान असतानाच ही खूण कामी येते.

पण ही नळी चुक्यालाही असते. तेव्हा दुसरी खूण फळावर पाहा. दोघांच्याही दाण्याभोवती तीन पाकळ्यांसारखे पडदे असतात. चुक्याचे पडदे रुंद, पातळ, गुलाबी झाक असलेले आणि कडेला सपाट. तणाच्या पडद्यांना मात्र करवतीसारखे दात असतात. 'डेंटाटस' म्हणजे दातेरी. नावच खूण सांगते. आतला दाणा तिधारी, तपकिरी आणि चकचकीत.

आता एवढी चौकशी कशासाठी? तर या तणाचा सारा जोर बियांवर आहे. एका झाडाला दाण्यांचे घोसच्या घोस लागतात. काही रानात गळतात, काही कापणीबरोबर खळ्यावर येतात. पडद्यांमुळे दाणा पाण्यावर तरंगतो आणि पाटाने शेजाऱ्याच्या वाफ्यात जातो. म्हणून फुलोऱ्याआधीच रोप मुळासकट उपटावे. दाणे धरले असतील तर उपटलेले झाड बांधावर किंवा पाटात टाकू नये; गोळा करून जाळावे. पेरणीचा गहू सुपात घेऊन तिधारी दाणे निवडून काढावेत. आज निवडलेला एक दाणा म्हणजे उद्याची एक खुरपणी वाचली.

शिक्षकांनी पालक, चुका आणि हे तण यांची एकेक फांदी वर्गात आणावी. मुलांना नळी शोधू द्यावी, पडद्याचे दात मोजू द्यावेत. मात्र अनोळखी पाला चाखून पाहायचा नाही, हे आधी बजावावे. वर्गात ओळख पटलेले मूल घरच्या रानात तण आपणच दाखवील, आणि वडीलधाऱ्यांनी त्याचे जरूर ऐकावे.