झाडीपट्टीचा रंगमंच आणि स्त्रीचा वाटा

धानाची कापणी आटोपते, मळणीचे धान घरात येते आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा बाजार, कोठे शंकरपट आणि रात्री पहाटेपर्यंत चालणारे नाटक, असा हा क्रम होळीपर्यंत चालतो. वडसा हे या व्यवसायाचे केंद्र होय. तेथील नाट्यमंडळांशी गावची मंडळे ठरावीक रकमेचा करार करतात आणि तिकीटविक्रीतून ती रक्कम उभी करतात. मुख्यतः ग्रामीण प्रेक्षकाच्या पैशावर जगणारी अशी रंगभूमी अन्यत्र फारशी आढळत नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचेही तिच्याकडे लक्ष गेले.

गोंदिया जिल्ह्यातील सौंदड हे या प्रदेशातलेच गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग तेथून जातो आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. हाच मार्ग पुढे वडशाला पोहोचतो. सौंदडसारख्या गावाने नाटक बाहेरून विकत आणावे, हे रूढच आहे. तथापि त्याच गावातील स्त्रियांनी स्वतः लिहिलेले, स्वतः उभे केलेले नाटक मंडईत का होऊ नये, हा प्रश्न आता विचारला गेला पाहिजे.

या रंगभूमीच्या अर्थव्यवहारात स्त्री कोठे आहे, हे प्रथम पाहू. ज्या धानाच्या पैशावर हंगाम उभा राहतो, त्या धानाची रोवणी स्त्रियाच करतात. प्रेक्षकांतही त्या मोठ्या संख्येने असतात. रंगमंचावर मात्र त्यांचा प्रवेश उशिरा झाला. दंडार या येथील जुन्या लोकनाट्यात स्त्रीपात्रे पुरुषच रंगवीत. पुढे नट्या आल्या. नागपूर-पुण्या-मुंबईकडूनही त्या हंगामापुरत्या येऊ लागल्या आणि नाटकाच्या जाहिरातीत त्यांची छायाचित्रे ठळकपणे झळकू लागली. परंतु त्याच जाहिरातीत लेखक आणि निर्माता या शब्दांपुढे बहुधा पुरुषाचे नाव असते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर स्त्री येथे श्रम पुरविते आणि मालाची ग्राहकही असते. पण काय निर्माण करावयाचे आणि उत्पन्नाची वाटणी कशी व्हावयाची, हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याकडे राहतो. सोशिक पत्नी, रडणारी माता आणि नाचगाण्यापुरती तरुणी या ठरीव भूमिका वारंवार का दिसतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या वाटणीत सापडते.

लेखणी स्त्रीच्या हाती आली म्हणजे काय घडते, याची साक्ष मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ या नाटकाला गिरिजाबाई केळकरांनी ‘पुरुषांचे बंड’ लिहून उत्तर दिले. हिराबाई पेडणेकरांचे ‘दामिनी’ हे संगीत नाटक १९१२ साली आले. परंतु एकेकट्या लेखिकेला टिकून राहणे कठीण होते. हिराबाई पुढे नाट्यसृष्टीपासून दूर गेल्या आणि कोकणातील पालशेत येथे त्यांचे उर्वरित आयुष्य गेले. प्रतिभा होती, तिच्यामागे उभी राहील अशी स्त्रियांची संस्था नव्हती.

ती उणीव काही प्रमाणात स्त्रीमुक्ती संघटनेने भरून काढली. १९७५ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ साली रंगमंचावर आणले. त्यात काम करणाऱ्या बहुतेक जणी व्यावसायिक नट्या नसून संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या. भारी नेपथ्य नाही, नाट्यगृहाचा आग्रह नाही. त्यामुळे ते शहराबाहेर, खेड्यापाड्यांतही पोहोचू शकले.

याहून निकटचे साम्य दूरदेशीच्या एका उदाहरणात आढळते. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९७७ साली ‘सिस्ट्रेन’ ही नाट्यसंस्था जन्माला आली. सरकारी रोजगार योजनेत रस्ते झाडण्याचे काम करणाऱ्या कष्टकरी स्त्रियांनी ती उभी केली. कापड-कारखान्यात संघटना बांधणाऱ्या मजूर स्त्रिया हा त्यांच्या पहिल्या नाटकाचा विषय होता. पुढे त्यांनी कापडावर छपाई करण्याचा उद्योगही चालविला. नाटक आणि हस्तकला यांचे संसार वेगळे मांडण्याची त्यांना गरज वाटली नाही. याच १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा संमत केला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडेही हजारो स्त्रिया त्या कामांवर एकत्र आल्या. पण त्यांच्या एकत्र येण्याला हजेरीपटापलीकडचे रूप क्वचितच मिळाले.

सौंदड परिसरातही पायाभूत सामग्री आहे. बचत गटांमुळे स्त्रियांना एकत्र बसण्याची, हिशेब लिहिण्याची आणि ठराव करण्याची सवय झाली आहे. २०११ पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा, असा दंडकही आहे. या निधीतून शिवणयंत्रे घेता येतात, तर तालमीसाठी जागा, दिवे आणि एक पेटी-तबला यांचाही विचार व्हावयास हरकत नाही.

यावर आक्षेप घेतले जातील. स्त्रियांचे नाटक म्हणजे उपदेशाचे व्याख्यान, त्याला तिकीट कोण काढणार, असे गावचे मंडळ विचारील. आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. वर्षातून एकदाच मनसोक्त करमणूक मिळणाऱ्या प्रेक्षकाला रात्र जागवील असेच नाटक हवे असते. म्हणून आरंभीच रात्रभराच्या नाटकाचा हट्ट धरू नये. मुख्य नाटकाआधी पाऊण तासाची एकांकिका व्हावी. मंडईत त्याच गटाने भरतकाम, चित्रे, बांबूच्या वस्तू यांचे दुकान मांडावे आणि तिकिटाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा त्या गटाच्या खात्यात जमा व्हावा. दुसरी अडचण वेळेची आहे. मळणीचे दिवस, घरची कामे आणि रात्रीची तालीम यांचा मेळ बसणे सोपे नाही. पोळा ते दिवाळी या काळातील दुपारी आणि मुले सांभाळणारी एक वडीलधारी बाई, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ साधेल.

गावातील शाळांचे शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थिनी यांनी येथे पुढे यावे. ज्या बाईला लिहिता येत नाही तिची गोष्ट ऐकून ती संवादांत उतरविणे, हे काम त्या करू शकतात. मात्र संवाद कोणी लिहून घेतले यापेक्षा गोष्ट कोणाची, याची नोंद आधी व्हावी. पुढील भाऊबीजेला मंडईच्या करारपत्रावर गावातील एखाद्या महिला गटाच्या अध्यक्षेची सही आली आणि मानधनाचे पैसे तिने मोजून घेतले, तर एका गावापुरती का होईना, या रंगभूमीची जुनी वाटणी बदलू लागली असे म्हणता येईल.